चेहरा वाचण्यात कोण हुशार?

बाबांनी आमटीचा चमचा तोंडात घातला. बोलले काहीच नाहीत. पण नाक आक्रसलं, वरचा ओठ जरासा वर गेला आणि डोळे बारीक झाले.

सांग बरं, काय झालं असेल?

ओळखलंस ना! आमटी बिघडली! मीठ दोनदा पडलं असेल, नाहीतर आमसुलं जास्त झाली असतील. पण तुला हे कळलं कसं? बाबा तर गप्पच होते! तू त्यांचा चेहरा वाचलास.

किती भारी आहे हे! पुस्तक वाचायचं तर आधी बालवाडी लागते, अक्षरं गिरवावी लागतात, बाई लागतात. चेहरा वाचायचा तास मात्र कुठल्याच शाळेत नसतो. तरीही सहलीचे पैसे आईकडे आत्ता मागावेत की जेवणं झाल्यावर, हे तुला दारातूनच कळतं!

आता गंमत ऐक. मोठी माणसं पुष्कळदा म्हणतात, "मुलींना बरोब्बर कळतं हो समोरच्याच्या मनातलं! मुलांचं मेलं लक्षच नसतं." हे ऐकून मुली खूश. मुलं गाल फुगवून बसलेली!

पण हे खरं आहे का? नुसतं म्हणून कसं चालेल? मोजायला नको? शास्त्रज्ञांनी ते मोजलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा मोजलं. आणि जे हाती आलं ते ऐकून मुलीही चाट पडतील आणि मुलंही.

पण त्याआधी एका जुन्या खेळाकडे जाऊ या. दीडशे वर्षं जुन्या!

चार्ल्स डार्विन हे नाव कानावर आलंय का कधी? इंग्लंडमधले एक मोठे शास्त्रज्ञ. लांबलचक पांढरी दाढी. पृथ्वीवरचे प्राणी आणि झाडं लाखो वर्षांत कशी बदलत गेली, याचा शोध त्यांनी घेतला. पण डार्विनआजोबांना आणखी एक नाद होता. चेहऱ्यांचा! माकडं रागावली की कशी दिसतात? बाळ रडताना भुवया कुठे जातात? या सगळ्यावर त्यांनी 1872 मध्ये एक अख्खं पुस्तक लिहिलं.

त्यांच्याकडे काही अजब फोटो होते. फ्रान्समधल्या ड्यूशेन नावाच्या डॉक्टरांचे. या डॉक्टरांनी काय केलं असेल, ओळख! त्यांनी एका म्हाताऱ्या आजोबांच्या चेहऱ्याला विजेच्या यंत्राची टोकं लावली. वीज ज्या स्नायूला लागायची, तो स्नायू आपोआप आवळायचा. गालाला लावली की चेहरा हसायचा. कपाळाला आणि मानेला लावली की घाबरायचा! मनात ना आनंद, ना भीती. नुसता चेहराच बदलतोय! आणि खटॅक, फोटो!

आजोबांना दुखत नव्हतं का? त्यांच्या चेहऱ्याच्या त्वचेला फारसं काही जाणवतच नसे, म्हणून हा प्रयोग त्यांच्यावर करता आला.

डार्विनआजोबांनी त्यातले काही फोटो निवडले आणि वीसहून जास्त लोकांना दाखवले. त्यांत पुरुष होते, बायकाही होत्या. एक शब्द न सांगता फक्त विचारलं, "या चेहऱ्यावर काय दिसतंय?"

काही फोटो जवळजवळ सगळ्यांनी झटक्यात ओळखले. पण काही फोटोंवर प्रत्येकाचं उत्तर वेगळं! एक म्हणतोय हे, दुसरा म्हणतोय ते.

आणि आता मला सगळ्यात आवडणारा भाग. डार्विनआजोबांनी हे फोटो पहिल्यांदा बघितले तेव्हा बाजूची माहितीही वाचत वाचत बघितले होते. हा राग, ही भीती, असं लिहिलेलं. तेव्हा त्यांना जवळजवळ प्रत्येक फोटो अगदी हुबेहूब वाटला होता! पण त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवलंय की ती माहिती नसती, तर काही फोटोंपाशी माझाही गोंधळच उडाला असता.

म्हणजे बघ हं. आधीच कुणी सांगितलं की चेहऱ्यावर तेच दिसायला लागतं! हे नीट लक्षात ठेव. पुढे एक बाळ येणार आहे, तेव्हा याची गरज पडेल.

आजही असाच खेळ खेळतात. फोटो दाखवायचे आणि विचारायचं: आनंद, दुःख, राग, भीती, किळस की आश्चर्य? या सहांपैकी सगळ्यात सोपा कोणता? बरोबर, आनंद! हसरा चेहरा जवळजवळ कुणाचाच चुकत नाही. आणि कोणत्या दोघांत गल्लत होते, सांग? भीती आणि आश्चर्य!

खोटं वाटतंय? आरशासमोर उभं राहा. दप्तर उघडलं आणि आतून मांजराचं पिल्लू निघालं, असा चेहरा कर. आश्चर्य! भुवया कमानीसारख्या वर गेल्या. डोळे मोठे. जबडा सैल पडून तोंडाचा झाला "ऑ".

आता दिवे गेलेत आणि जिन्यात कुणीतरी आहे, असा चेहरा कर. भुवया पुन्हा वरच गेल्या. डोळे पुन्हा मोठेच. पण नीट बघ! या वेळी भुवया एकमेकींकडे ओढल्या गेल्यात. आणि ओठ खाली पडले नाहीत, ते कानांच्या दिशेने ताणले गेलेत. बस्स, फरक एवढाच! तो दिसायला किती बारीक नजर हवी!

मग कोणाची नजर जास्त बारीक? मुलींची की मुलांची?

1978 मध्ये अमेरिकेत ज्युडिथ हॉल नावाच्या संशोधक बाईंनी एक चिकाटीचं काम केलं. तोवर जगात चेहरा, हावभाव आणि आवाज ओळखण्याचे जे प्रयोग झाले होते, त्यांतले 75 त्यांनी गोळा केले आणि सगळ्यांचे निकाल एकत्र मांडले. काय निघालं? बहुतेक ठिकाणी मुली आणि बायका पुढे!

पुढे इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन यांनी आणखी अवघड खेळ काढला. त्यांनी फोटोतलं नाक कापलं, तोंड कापलं, ठेवली फक्त डोळ्यांची पट्टी! सोबत चार शब्द. या डोळ्यांत काय आहे? हे की ते? असे 36 फोटो ओळखायचे. हा खेळ जगभर गेला. 57 देशांतल्या 3 लाखांहून जास्त लोकांचे निकाल 2022 मध्ये एकत्र छापले गेले. 36 देशांत बायकांचे गुण सरासरीने जास्त. (फोटोही 36 आणि देशही 36, हा निव्वळ योगायोग बरं का!) उरलेल्या 21 देशांत दोघे साधारण सारखेच. आणि पुरुष स्पष्टपणे पुढे आहेत, असे देश किती? एकही नाही!

मुलींनो, टाळ्या वाजवायच्या तर वाजवून घ्या. मुलांनो, पान उलटू नका! खरी गंमत आत्ता सुरू होतेय.

"सरासरीने जास्त" म्हणजे काय? समज, पाचवी अ आणि पाचवी ब यांची क्रिकेटची मॅच झाली. पाचवी अ पाच धावांनी जिंकली. म्हणजे अ मधला प्रत्येक जण ब मधल्या प्रत्येकापेक्षा भारी खेळला का? छे! अ मधला एखादा शून्यावर बाद झाला असेल. ब मधल्या कुणीतरी दणदणीत तीस धावा ठोकल्या असतील. संघ जिंकला, तरी खेळाडू वेगळे वेगळेच!

इथेही अगदी तसंच आहे. ॲशली थॉम्पसन आणि डॅनियल व्हॉयर या दोघांनी 2014 मध्ये पुन्हा एकदा ढीगभर प्रयोग एकत्र केले. बायका पुढे होत्याच. पण किती? चिमूटभर! त्यांच्या आकड्यांवरून आपण एक हिशेब करू. कुणीही एक बाई आणि कुणीही एक पुरुष अशी जोडी घे. दोघांना तोच खेळ दे. अशा 100 जोड्या कर. किती जोड्यांमध्ये बाई जिंकेल? 90? 80?

नाही! साधारण 55. आणि उरलेल्या 45 जोड्यांमध्ये पुरुष जिंकेल!

पुन्हा वाच हवं तर. 55 आणि 45! सगळे छातीठोकपणे सांगत असतात, "मुलींना कळतं, मुलांना कळत नाही." आणि फरक निघाला एवढासा! म्हणजे तुझ्या वर्गात दादागिरी करणारा एखादा मुलगा चेहरे वाचण्यात पहिला येऊ शकतो. आणि पहिल्या बाकावरची हुशार मुलगी भीतीला आश्चर्य म्हणू शकते. तू मुलगा आहेस की मुलगी, एवढ्यावरून तुझे गुण कुणालाच सांगता येणार नाहीत.

आणि लहान मुलांचं काय? एरिन मॅक्लुअर यांनी 2000 मध्ये तान्ह्या बाळांपासून मोठ्या मुलांपर्यंतचे निकाल एकत्र केले. तिथेही मुली थोड्या पुढे. पण थोड्याच!

पण जो काही थोडा फरक आहे, तो येतो कुठून? जन्मतःच असतो, असं काही शास्त्रज्ञ म्हणतात. काही म्हणतात, तो वाढवण्यातून येतो. "बघ गं, छोटूला काय झालं?" हे घरात ताईलाच जास्त ऐकावं लागतं की दादाला? जरा आठवून बघ! हा वाद अजून चालूच आहे. पण दोन प्रयोग असे आहेत, की ते ऐकून मला तरी उड्याच माराव्याशा वाटल्या.

पहिला प्रयोग डोळ्यांचा. माणूस चेहऱ्यावर नेमकं कुठे बघतो, हे टिपणारे कॅमेरे असतात. अशा कॅमेऱ्याने एका प्रयोगात दिसलं, की बायका समोरच्याच्या डोळ्यांकडे जास्त वेळ बघतात. आणि डोळ्यांकडे बघण्याचा किती फायदा होतो, हे एका बाईंनी जगाला दाखवलं. शास्त्रज्ञ त्यांना फक्त एस. एम. म्हणतात. आपल्या मेंदूत बदामाच्या आकाराचे दोन छोटे भाग असतात, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. त्यांना अमिग्डला म्हणतात. एका दुर्मीळ आजारामुळे एस. एम. यांच्या मेंदूतले हे दोन्ही बदाम खराब झाले होते. त्यांना हसू ओळखता यायचं. पण भीती? समोर कितीही घाबरलेला चेहरा धरा, त्यांना ती कळायचीच नाही!

मग 2005 मध्ये राल्फ ॲडॉल्फ्स आणि त्यांच्या सोबत्यांना एक गोष्ट दिसली. एस. एम. फोटोतल्या डोळ्यांकडे बघतच नव्हत्या! मग त्यांना सांगितलं, "फक्त डोळ्यांकडे बघा." आणि काय आश्चर्य! त्यांना भीती ओळखू आली, इतर कुणाही माणसासारखी! औषध नाही, ऑपरेशन नाही. तीनच शब्द! मात्र सूचना थांबली की त्यांची नजर पुन्हा डोळ्यांवरून घसरायची आणि भीती पुन्हा दिसेनाशी व्हायची.

दुसरा प्रयोग पैशांचा! अमेरिकेतल्या क्रिस्टी क्लाइन आणि सारा हॉजेस यांनी तो 2001 मध्ये छापला. लोकांना एक व्हिडिओ दाखवला. त्यात एक व्यक्ती स्वतःची अडचण सांगत होती. तिच्या मनात नेमकं काय चाललंय, ते ओळखायचं. म्हणजे इथे चेहऱ्याबरोबर बोलणंही होतं. अशा खेळात बायका पुढे दिसल्या होत्या. मग काय केलं माहितेय? सांगितलं, उत्तर बरोबर आलं तर पैसे मिळतील!

आणि फरक गायब! पुरुषांनी बायकांना गाठलं!

आता सांग, पैसे मिळणार म्हटल्यावर पुरुषांना नवे डोळे फुटले का? नाही ना! डोळे तेच, मेंदू तोच. फक्त या वेळी त्यांनी मन लावून बघितलं! म्हणून मला वाटतं, "मुलांना कळतच नाही" हे म्हणणं मुलांवर अन्याय करणारं आहे. आणि "मला नाही बुवा कळत" असं म्हणून मुलांनी अंग काढून घेणंही मुळीच बरोबर नाही!

आता ते बाळ. डार्विनआजोबांची गोष्ट लक्षात आहे ना?

1976 मध्ये जॉन आणि सँड्रा काँड्री यांनी एक छोटी फिल्म दाखवली. तिच्यात होतं नऊ महिन्यांचं एक गोड बाळ. बाळासमोर एक खेळणं. झाकण उघडलं की आतून टुणकन उडी मारणारा बाहुला! बाहुला उसळला. बाळ दचकलं. पुन्हा उसळला. बाळाची चुळबुळ सुरू झाली. पुन्हा! आणि बाळाने भोकाड पसरलं.

बघणारे दोनशेहून जास्त लोक होते. अर्ध्यांना सांगितलं, "हा मुलगा आहे." उरलेल्यांना सांगितलं, "ही मुलगी आहे." फिल्म तीच! बाळ तेच! रडणं तेच!

मग विचारलं, "बाळाला काय झालं?"

ज्यांना तो मुलगा वाटत होता, ते जास्त करून म्हणाले, "त्याला राग आला." ज्यांना ती मुलगी वाटत होती, ते जास्त करून म्हणाले, "ती घाबरली."

अरे देवा! बाळाच्या चेहऱ्यावरची एक रेघही बदलली नव्हती. बदललं होतं ते बघणाऱ्याच्या डोक्यातलं! बाळासाठी मला खूप वाईट वाटतं. घाबरलेल्या बाळाला कुणी रागावलेलं समजलं, तर त्याला जवळ कोण घेणार? आणि चिडलेल्या बाळाला कुणी घाबरलेलं समजलं, तर ते दुष्ट खेळणं उचलून बाजूला कोण ठेवणार? मधल्या सुट्टीत एखादा मुलगा आरडाओरडा करत असेल, तर तो चिडलाच असेल असं नाही. कदाचित घाबरला असेल. पायरीवर गप्प बसलेली मुलगी घाबरलीच असेल असं नाही. कदाचित तिला सणसणीत राग आला असेल! कळत नसेल तर सरळ जाऊन विचार, "काय झालं?"

अजून एक गंमत सांगायची राहिली. चूक झाली की आपण काय करतो? पटकन जीभ बाहेर काढून दातांखाली धरतो! जीभ चावतो. बरोबर? जोनाथन हाइट आणि डॅकर केल्टनर यांनी असा जीभ चावलेला फोटो ओडिशातल्या लोकांना दाखवला आणि अमेरिकेतल्या लोकांनाही. 1999 मध्ये ते छापून आलं. ओडिशातल्या लोकांनी अचूक ओळखलं: ओशाळलंय कुणीतरी! अमेरिकेतल्या लोकांना मात्र ते तसं ओळखता आलं नाही. त्यांचे डोळे काय कमी होते? मुळीच नाही. त्यांनी असा चेहरा फारसा बघितलेलाच नव्हता! जे चेहरे रोज बघायला मिळतात, ते वाचता येतात. यात मुलगा-मुलगी असा प्रश्नच आला नाही.

आता तुझी पाळी. उद्याच वर्गात हा खेळ खेळून बघ. सहा चिठ्ठ्या कर: आनंद, दुःख, राग, भीती, किळस, आश्चर्य. एकाने चिठ्ठी उचलायची आणि आवाज न काढता तसा चेहरा करायचा. बाकीच्यांनी उत्तर आपापल्या वहीत लिहायचं. ओरडून सांगायचं नाही हं, नाहीतर सगळ्यांना तेच दिसायला लागेल! मुलांचे गुण वेगळे मोज, मुलींचे वेगळे. मग सगळ्यात जास्त गुण कुणाचे आहेत, ते बघ. मग दुसरा डाव. चेहरा करणाऱ्याने नाकातोंडावर रुमाल धरायचा, म्हणजे दिसणार फक्त डोळे!

आणि भीतीची चिठ्ठी कुणी कुणी बरोबर ओळखली, ते आम्हाला पत्राने नक्की कळव. कारण अशा खेळांमध्ये बहुतेक वेळा तीच सगळ्यात अवघड जाते!